चौथा बंद

मी घरांचे नकाशे काढतो. नांदेडात गेली चौदा वर्षं हेच काम. देवघर कुठल्या कोपऱ्यात, जिना आतून की बाहेरून, सासूची खोली स्वयंपाकघराला लागून की लांब, यावरून होणारी लोकांची भांडणं आधी माझ्या टेबलावर होतात आणि मग घर उभं राहतं. त्यामुळे आमच्याकडे पहिल्यांदा बाळाची चाहूल लागली, तेव्हा पेढे आणायच्या आधी मी कागद आणि पट्टी घेऊन बसलो. तरोडा नाक्याच्या पुढं आमचा फ्लॅट आहे. त्यातली मागची खोली बाळाची करायची ठरली आणि मी तिचा मापात नकाशा काढला. पाळणा इथं, छोटं कपाट तिथं, सकाळचं ऊन खिडकीतून कुठवर येतं तेही तुटक रेषेनं दाखवलं. मुदखेडला माझी आई एकटी राहते, तिला तो फोनवर पाठवला. तिनं शेजारणीला बोलावून नीट बघितला आणि एकच विचारलं, "बाजंखाली शेगडी कुठं ठिवतूस?"

बाळंतिणीला शेक द्यायची शेगडी माझ्या डोक्यातच नव्हती. मी नकाशा दुरुस्त केला.

मग दर आठवड्याला घरात काही ना काही येऊ लागलं. मच्छरदाणी, गादी, न्हाऊ घालायचा टब, भिंतीवर चिकटवायची हत्तींची चित्रं. पाळण्यासाठी मी स्वतः स्लॅबला भोक पाडून लोखंडी कडी बसवली. आई फोनवर म्हणायची, "आधी आनत न्हाईत बाबा. लेकरू येऊ दी." मी म्हणायचो, "बाळ आल्यावर मी दुकानं हिंडत बसू का?" ती फोन ठेवायची. मला वाटायचं, वाद जिंकला.

बायको माझ्यासारखी नाही. ती शाळेत शिकवते, बोलते कमी, आणि हातानं काही करत असली की तिला बरं वाटतं. तिचं माहेर औशाजवळचं. तिच्या आईचं एक जुनं सुती लुगडं होतं, पिवळं, धुऊन धुऊन लोण्यासारखं मऊ झालेलं. त्यातून तिनं बाळाचं पहिलं अंगडं हातानं शिवलं. गळ्याला हिरव्या दोऱ्याची साखळी घातली. पुढून उघडणारं, बांधायला चार बंद, दोन वर, दोन खाली. पण लावले तीनच. चौथा तिनं कापून, दुमडून तसाच अंगड्याच्या आत ठेवला. सासूबाईंनी तसं सांगितलं होतं. त्यांच्याकडे बाळाचं पहिलं अंगडं आधी पुरं करत नाहीत. बाळ हातात आलं की चौथा बंद लावायचा, मग घालायचं.

"म्हणजे बाळ येऊन तपासणार, किती बंद बाकी आहेत ते?" मी म्हणालो.

"त्याच्यासाठी काहीतरी राखून ठेवायचं असतं," बायको म्हणाली. "सगळं आपणच उरकून टाकलं तर त्यानं कशाला यायचं?"

मला हसू आलं होतं. ते हसू मला आजही आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

नववा महिना लागून दहा दिवस झाले होते. सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "कालपासून हललं नाही." पुढचं सगळं दुपारपर्यंत संपलं. मुलगी होती. पूर्ण वाढलेली, जिवंत नव्हती. बायको गुंगीत होती, आणि आमच्याकडच्या थोरामोठ्यांनी ठरवलं की तिला दाखवायचं नाही, जिवाला लावून घेईल. मीही मान हलवली. माझ्या मामांनी आणि मी नदीकाठाला नेऊन तिला मातीत ठेवलं. दवाखान्यानं दिलं होतं त्याच पांढऱ्या कापडात. दवाखान्यात नेलेली बाळाच्या कपड्यांची पिशवी मामांच्या गाडीच्या डिकीत होती, पाच पावलांवर. परत येऊन डिकी उघडली तेव्हा मला ती दिसली.

संध्याकाळी बायकोला शुद्ध आली. तिनं मला काहीच विचारलं नाही. चेहरा कसा होता, कुठं ठेवलं, काहीच नाही. एवढंच म्हणाली, "माझं अंगडं घातलं होतं का तिला?"

मी म्हणालो, "हो."

"तीनच बंद होते."

"वरचे दोन बांधले."

तिनं डोळे मिटले. मला वाटलं, चला, एवढं तरी तिच्या पदरात घातलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या खोट्याचा अभिमानच वाटला होता.

ती विश्रांतीला माहेरी गेली तेव्हा मी मागची खोली रिकामी केली. भिंतीवरचे हत्ती खरवडून काढले. कपड्यांचं गाठोडं बांधून मुदखेडला आईकडे नेलं आणि म्हणालो, "याचं काय करायचं ते कर. मला परत दिसायला नको." पिवळं अंगडं त्यातच होतं. आईनं गाठोडं घेतलं. 'मी सांगत होते' असं ती म्हणेल म्हणून मी उंबऱ्यातच उभा राहिलो. ती म्हणाली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. स्लॅबची कडी तेवढी निघेना, ती तशीच राहिली. खोलीचं दार लावून टाकलं.

खोटं बोलणं सोपं असतं, पण पुढं त्याची राखण करावी लागते, हे मला ठाऊक नव्हतं. थंडीत पांघरूण घेताना ती मध्येच म्हणायची, "बरं झालं अंगडं होतं. सुती असलं तरी ऊब असते त्याला." मी लगेच विषय बदलायचो. भाजी काय करायची, गॅस बुक केला का, काहीही. मुलीचा विषय निघाला की मी उठून जायचो, कारण एक शब्द बोललो की पुढचा विचारला जाईल, आणि कुठंतरी मी सापडेन. बायकोला वाटायचं, यांना सहन होत नाही. ती मग माझ्यावर दया करून गप्प बसायची. तिची ती दया मी दोन वर्षं खाल्ली.

दोन वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. यावेळी मी नकाशा काढला नाही. बायकोनं तर काही म्हणजे काहीच करू दिलं नाही. सातव्या महिन्यातली ओटी नको, फोटो नको, शाळेत कुणाला सांगायला नको. मागच्या खोलीचं दार उघडायचं नाव नाही. दुकानात लहान मुलांच्या कपड्यांसमोरून जाताना ती माझा दंड धरून पलीकडच्या बाजूला व्हायची. तपासणीला गेलो की डॉक्टर सगळं ठीक असल्याचं सांगायचे, आणि आम्ही दोघं ते ऐकून परक्याची बातमी ऐकल्यासारखे घरी यायचो.

अशात आईचा फोन आला. "मी पाच घरचं मागून आनते."

आमच्या भागात ज्या घरात एक लेकरू गेलेलं असतं, तिथं पुढच्या लेकराला नवं कापड घालत नाहीत. ज्यांच्या घरात पोरं धडधाकट हिंडतात, अशा पाच घरांतून वापरलेलं कापड पदरात मागून आणतात. मी भडकलो. म्हणालो, "आता गल्लीत पदर पसरायचं तेवढं राहिलं होतं."

"पसरते की," आई म्हणाली. "माज्या नातवासाठी पसरते. तुला कामून लाज वाटून राहिली? पदर माजा हाय."

आठ दिवसांनी ती आली. सकाळच्या गाडीनं, काखेत गाठोडं. हॉलमध्ये सतरंजीवर बसली आणि बायकोला समोर बसवलं. "हातात घे माय. तू घेतल्याबिगर चालत न्हाई." बायको नाही नाही म्हणत बसली, पण आईपुढं तिचं चाललं नाही. आई एकेक काढून देऊ लागली. स्टेशनामागच्या घरचे दोन लंगोट. पिठाच्या गिरणीवाल्यांकडचं दुपटं, त्यावर न निघणारा हळदीचा डाग. नव्वदी गाठलेल्या एका आजोबांच्या धोतराचा तुकडा. कान झाकणारं एक टोपडं. बायको प्रत्येक कापड हातात घ्यायची, बोटांनी चाचपायची, मांडीवर ठेवायची. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर थोडं काही हललेलं मी बघितलं आणि मनात म्हणालो, आई, तुझं खरं.

"आन् हे पाचवं," आई म्हणाली. तिनं ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. "वळखलंस का? आपलंच हाय. त्या टायमाला ह्यानं गाठोडं आनून दिलतं, त्यातलं. आपल्या गल्लीतली मावशी हाय न्हवं, तिची लेक बाळंतपनाला आलती, तिला मी दिलं. तिच्या पोरीनं घातलं, आन् ती पोरगी आता गल्लीभर पळून राहिली. आता हे नांदतं झालं बग. आता आपल्या लेकराला चालतंय."

पिवळं अंगडं. रंग उतरलेला, गळ्याची हिरवी साखळी एका जागी उसवलेली. बायकोनं ते हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग तिनं बंद मोजले. मी तिची बोटं बघत होतो. चौथा बंद लावलेला होता, काळ्या जाड दोऱ्यानं, घाईघाईच्या चार टाक्यांत.

"हा कुणी लावला?"

"तिच्या मायनंच लावला आसंल की," आई म्हणाली. तिला काही कळेना.

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"मग तिला काय घातलं होतं?"

आईसमोर, तिथंच, मी सांगितलं. "दवाखान्याचं पांढरं कापड."

तिनं अंगड्याची घडी घातली, वर बाकीची कापडं ठेवली आणि उठून आत गेली. आईनं मला हळू आवाजात विचारलं, "काय झालं रे?" मी सांगितल्यावर ती सतरंजीचे दोरे ओढू लागली. "मला ठाव आसतं तर आनलं नसतं," म्हणाली. मग म्हणाली, "न्हाई, आनलंच आसतं."

दोन दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. डबा करून द्यायची, गोळ्या वेळेवर घ्यायची. मी माफी मागितली. ती ऐकून घ्यायची आणि भांडी आवरायला लागायची. तिसऱ्या दिवशी ती आईला म्हणाली, "आत्याबाई, मला ती पोरगी बघायचीय."

आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं मुदखेडला गेलो. सातवा महिना भरत आलेला, तिला पायऱ्या चढायला धाप लागत होती, पण तिनं माझा हात धरला नाही. मावशींचं घर आईच्या घरापासून चार घरं पुढं. त्यांची लेक नेमकी माहेरी आलेली होती. पोरगी अंगणात पारले बिस्किट पाण्यात भिजवून खात होती. अडीच वर्षांची असेल. नाक वाहत होतं, एका पायात चप्पल होती. तिला बघून बायको तिथंच ओट्यावर बसली.

मावशींची लेक ओशाळून गेली होती. "ताई, मला ठाव न्हवतं तुमी शिवल्यालं. एक बंद आतच दुमडून व्हता, मी म्हनलं निघाला आसंल, म्हून लावला."

"असू दे," बायको म्हणाली. "बसलं का नीट?"

"अं?"

"अंगडं. अंगाला नीट बसलं होतं का?"

"पैल्यांदा गळा मोठा व्हता. सव्वा महिन्यानं बरूबर झाला."

"बंद रुतायचे का?"

"न्हाई वं. मऊ हाय. घाम टिपायचं. ह्या पोरीला दुसरं काई घातलं की रडायची, म्हून तेच धुवायचे, तेच घालायचे. चार महिने घातलं."

बायको एकेक विचारत राहिली. बाह्या कुठवर यायच्या. कुठल्या कुशीवर झोपायची. पिवळा रंग तिच्या अंगावर कसा दिसायचा. ती लेक आधी भीतभीत, मग मोकळेपणानं सांगत गेली. पोरगी हळूहळू जवळ आली आणि बिस्किटाच्या हातानं बायकोचं मंगळसूत्र ओढू लागली. बायकोनं तिला ओढू दिलं. मी दारात उभा होतो. आत यायला मला कुणी म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

परतताना गाडीला वेळ होता. आई घरीच थांबली. मुदखेडच्या फलाटावर आम्ही दोघं एका बाकावर बसलो.

"अडीच वर्षं मी तिला त्या अंगड्यात बघत होते," बायको म्हणाली. "डोळे मिटले की तेच दिसायचं. पिवळं अंगडं आणि वर काहीच नाही. चेहरा मला माहीतच नाही. आता तेही गेलं. आता मी काय बघू?"

"कापड मऊ होतं," मी म्हणालो.

"खोटं बोलू नका."

"खरबरीत होतं," मी म्हणालो. "नवं होतं, खळ होती त्याला."

आणि मग मी सांगायला लागलो. तिला खूप केस होते, कपाळावर आलेले. रंग तुझ्या आईचा. उजव्या कानाची पाळी तुझ्यासारखी आत दुमडलेली होती. डाव्या हाताची मूठ बंद होती, उजवी उघडी. मामा म्हणाले बस झालं, तरी मी कापडाचं टोक सारून एकदा बघितलं. वजन मला जास्त वाटलं होतं, माझे दंड दुसऱ्या दिवशीही दुखत होते. हे सगळं मी अडीच वर्षं एकट्यानं बाळगलं होतं. जगात ते माझ्याशिवाय कुणाकडं नव्हतं, आणि ज्या बाईचा त्यावर पहिला हक्क, तिलाच मी एका कपड्याच्या खोट्यापायी ते दिलं नव्हतं. सांगता सांगता मला हे कळलं आणि मी फलाटावर, लोकांसमोर, रडलो. ती रडली नाही. ती म्हणाली, "कान परत सांगा." मी परत सांगितला. गाडी आली, आम्ही ती जाऊ दिली आणि पुढच्या गाडीनं आलो.

त्यानंतर तिनं मागच्या खोलीचं दार उघडलं. झाडून घेतलं, एवढंच. हत्ती नाहीत, रंग नाही. वर कडीकडं बोट दाखवून म्हणाली, "गंजली नाही ना बघा." मी स्टुलावर चढून दोन्ही हातांनी कडीला लोंबकळलो. स्लॅबचा कण पडला नाही. ती दारातून बघत होती आणि तिला थोडंसं हसू आलं. ते हसू बघून मी आणखी जरा वेळ लोंबकळलो.

आठव्यात ती औशाला माहेरी गेली. बाळंतपण लातूरला करायचं ठरलं होतं. जायच्या आदल्या दिवशी खिडकीशी बसून तिनं अंगड्याचा चौथा बंद जपून उसवला. काळ्या दोऱ्याचे कण वेचून टाकले, बंद दुमडला आणि अंगड्याच्या आत ठेवला. गळ्याची उसवलेली साखळी मात्र तशीच राहू दिली. "ती त्या पोरीची आहे," म्हणाली.

लातूरच्या दवाखान्यात दुपारी मला दारातून हाक मारली आणि नर्सबाईंनी माझ्या हातावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ ठेवलं. तसंच कापड, तसंच खरबरीत. मग कापड आतून हललं आणि असा काही टाहो फुटला की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सासूबाई मटकन बाकावर बसल्या. मुलगी होती. कान बघितले. सरळ होते दोन्ही, माझ्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको उशीला टेकून बसली होती. सासूबाईंनी पिशवीतून अंगडं काढलं, सुईत पिवळा दोरा ओवला आणि बंद जागेवर धरला.

"आई, तू नको," बायको म्हणाली. "यांच्याकडं दे."

सासूबाई गडबडल्या. "अगं, जावायांना कुठं जमतंय? बायकांचं काम हाय ते."

"त्यांनाच लावू दे."

मी सुई घेतली. चौदा वर्षं सरळ रेघा मारणारा माणूस, पण पहिलाच टाका तिरका गेला. बोटाला दोनदा टोचलं. सासूबाईंना बघवत नव्हतं, त्या सारख्या हात पुढं करायच्या आणि मागं घ्यायच्या. सहा टाके घातले, गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि अंगडं बायकोकडं दिलं. तिनं बंद ओढून बघितला. पुन्हा ओढला. निघाला नाही.

मग तिनं पांढरं कापड सोडून बाळाला आपल्या पुढ्यात ठेवलं, लालभडक, हातपाय झाडणारं, आणि अंगडं परत माझ्या हातात दिलं.

"घाला," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

मी एक बाही घातली, मग दुसरी. वरचे दोन बंद बांधले, मग खालचे दोन. ती वाकून माझी बोटं बघत होती आणि हळू आवाजात मोजत होती. चारपर्यंत मोजून झालं, तेव्हा तिनं बाळाला उचलून घेतलं.